कॅम्पर ट्रेलरची लिथियम बॅटरी : साठवण, भरणी आणि जोडणी

गाडीमागे ओढून नेता येणारा आणि मुक्कामी उघडला की तंबू होणारा कॅम्पर ट्रेलर ऑस्ट्रेलियात सर्रास दिसतो. किंबर्लीतला 660 किलोमीटरचा गिब रिव्हर रोड, सिम्प्सन वाळवंट, केप यॉर्ककडे जाणारी वाट या रस्त्यांवर शेकडो किलोमीटर विजेचा खांब दिसत नाही आणि अनेक राष्ट्रीय उद्यानांत जनरेटर लावायला बंदी आहे. त्यामुळे फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप, पंखा, फोन असे सगळे ट्रेलरमधल्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालते. ही बॅटरी वर्षानुवर्षे शिसे-आम्लाची असे. त्यातही द्रव न सांडणारी, बंदिस्त एजीएम जातीची बॅटरी सर्वांत जास्त वापरली जाई. तिच्या जागी आता लिथियम बॅटरी बसवली जाते. हे काम एक खोके काढून दुसरे ठेवण्याचे वाटते, पण ट्रेलरमधील जुना चार्जर, गाडीपासून येणारी तार, फ्यूज, व्होल्टमीटर हे सगळे शिशाच्या बॅटरीच्या स्वभावाला धरून बसवलेले असते. बॅटरी बदलली की यांतले बहुतेक काही ना काही चुकू लागते.

या कामासाठी वापरली जाणारी लिथियम बॅटरी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट रसायनाची बॅटरी. फोन, लॅपटॉप आणि अनेक विजेच्या मोटारींत कोबाल्ट किंवा निकेल असलेली रसायने असतात, त्यांपेक्षा ही वेगळी. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत ए. के. पाधी आणि के. एस. नंजुंडस्वामी या भारतीय वंशाच्या संशोधकांनी तिच्यावर काम केले आणि 1997 मध्ये ते शोधनिबंधातून प्रसिद्ध झाले. गुडइनफ यांना लिथियम-आयन बॅटरीवरील एकूण कार्यासाठी 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. फॉस्फेटमध्ये फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा बंध फार घट्ट असतो, त्यामुळे बॅटरीतला घट (सेल) तापला तरी ऑक्सिजन सहजी सुटत नाही. निकेल-कोबाल्टचे घट साधारण 210 अंशांच्या आसपास अनावर होतात, फॉस्फेटचे 270 च्या आसपास. तंबूत माणसे बॅटरीपासून हातभर अंतरावर झोपतात, तिथे हा फरक महत्त्वाचा आहे. त्याची किंमत वजनाच्या रूपाने मोजावी लागते, कारण त्याच वजनात निकेलचे घट जास्त ऊर्जा साठवतात. ट्रेलरसाठी मात्र तो सौदा निःसंशय योग्य आहे.

एका घटाचा सर्वसाधारण दाब 3.2 व्होल्ट असतो. चार घट ओळीने जोडले की 12.8 व्होल्ट होतात, म्हणून 12 व्होल्टच्या जुन्या साखळीत ही बॅटरी बसते. शिशाच्या बॅटरीशी तुलना करताना खोक्यावर छापलेले अँपिअर-तास पाहून भागत नाही. शिशाची बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली तर लवकर मरते, म्हणून 100 अँपिअर-तासांच्या एजीएममधून व्यवहारात 50 ते 60 च मिळतात. महाराष्ट्रात भारनियमनाच्या काळात घरच्या इन्व्हर्टरखाली ट्यूब्युलर बॅटरी सांभाळलेल्यांना हे ठाऊक असेल. लिथियममधून 80 ते 90 टक्के बिनधास्त काढता येतात. वजनात तर मोठाच फरक पडतो. 100 अँपिअर-तासांची एजीएम 30 किलोच्या आसपास भरते आणि तितक्याच क्षमतेची लिथियम साधारण 12 किलो. भरण्याची कार्यक्षमता शिशात 80 ते 85 टक्के, लिथियममध्ये 95 च्या वर. शिवाय शिशाची बॅटरी शेवटचे वीस टक्के भरायला कित्येक तास रेंगाळते. लिथियम जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण प्रवाह घेते, आणि सूर्य पाच तासच मिळणार असेल तर हा गुण क्षमतेपेक्षाही मोलाचा ठरतो.

किती मोठी बॅटरी घ्यावी हे रोजच्या खर्चावरून ठरते. हा हिशेब कागदावर न मांडता केलेली खरेदी बहुधा फसते, कधी कमी पडून तर कधी उगाच जास्त होऊन. चार माणसांच्या कुटुंबाचा सर्वांत मोठा खर्च फ्रिजचा. 40 ते 60 लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना 3 ते 5 अँपिअर घेतो आणि उन्हाळी दिवसात दिवसाचा तिसरा हिस्सा ते निम्मा वेळ चालतो. म्हणजे दिवसाला 30 ते 40 अँपिअर-तास गेले. एलईडी दिवे पाच, पंप दोन, फोन आणि कॅमेरे आठ-दहा, रात्रीचा पंखा दहा धरला तर बेरीज 60 ते 70 वर जाते. या खर्चाला 100 अँपिअर-तासांची लिथियम एक दिवस आणि वर थोडी पुरते, 200 ची अडीच दिवस. दोन दिवस ढगाळ जाऊ शकतात हे धरून बहुतेक कुटुंबे 200 वर येऊन थांबतात, आणि ते वाजवी आहे.

उष्णता निर्माण करणाऱ्या उपकरणांनी हा हिशेब पार बदलतो. 20 अंशांचे एक लिटर पाणी उकळायला पाण्यात 93 वॅट-तास ऊर्जा जावी लागते. किटली आणि इन्व्हर्टर यांतली गळती धरली तर बॅटरीतून 115 च्या आसपास, म्हणजे 9 अँपिअर-तास जातात. सकाळ-संध्याकाळ दोनदा चहा म्हणजे फ्रिजच्या अर्ध्या दिवसाची वीज. 1,800 वॅटच्या इंडक्शन शेगडीवर वीस मिनिटे स्वयंपाक केला तर 600 वॅट-तास लागतात आणि इन्व्हर्टरमधली गळती मिळवून पन्नासहून अधिक अँपिअर-तास खर्ची पडतात. गॅसची टाकी काढून टाकून सगळा स्वयंपाक विजेवर नेण्याची हौस अलीकडे वाढली आहे. ती पुरवायची तर 300 ते 400 अँपिअर-तासांची साठवण आणि त्या मापाचे सौर पॅनेल लागतात. छोट्या ट्रेलरला ते जड जाते. आठवड्याच्या मुक्कामासाठी गॅसची एक टाकी आणि मध्यम बॅटरी ही जोडी आजही अधिक शहाणपणाची आहे.

साठवण मोठी केली म्हणजे वीज वाढली असे होत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रोज 70 अँपिअर-तास खर्च असेल तर सरासरी तितके रोज परत आले पाहिजेत, नाहीतर 200 ची बॅटरी 100 च्या बॅटरीपेक्षा फक्त दीड दिवस उशिरा रिकामी होईल. म्हणून बदलाच्या खर्चाचा मोठा भाग भरणीच्या बाजूवर गेला पाहिजे.

भरणीचा पहिला मार्ग म्हणजे ओढणाऱ्या गाडीचा अल्टरनेटर. जुन्या जोडणीत गाडीची बॅटरी आणि ट्रेलरची बॅटरी यांच्यामध्ये दाब पाहून जोडणारा रिले असे. दाब साधारण 13.3 व्होल्टवर गेला की तो जोडतो आणि 12.8 च्या आसपास उतरला की तोडतो. इंजिन बंद झाल्यावर शिशाची बॅटरी 12.7 वर येऊन स्थिरावते, त्यामुळे रिले सुटतो आणि गाडीची बॅटरी सुरक्षित राहते. लिथियम विश्रांतीतही 13.2-13.3 व्होल्टवर असते. रिलेला वाटते इंजिन चालूच आहे, आणि तो सुटत नाही. मग रात्रभर फ्रिज दोन्ही बॅटऱ्यांवर चालतो. दुसरा दोष आणखी महाग पडू शकतो. लिथियमचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने रिकामी बॅटरी अल्टरनेटरकडून मिळेल तितका प्रवाह ओढते. गाडी रेतीत हळू चालत असताना अल्टरनेटरचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो आणि तो तापून जळू शकतो. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी संगणकाच्या हुकमाने दाब मुद्दाम खाली ठेवतात आणि गाडी उतारावर किंवा ब्रेकवर असतानाच वाढवतात. अशा 12.5 व्होल्टच्या आसपासच्या दाबावर लिथियममध्ये काहीच जात नाही.

या तिन्ही अडचणींवर एकच उपाय आहे, डीसी-डीसी चार्जर. तो येणारा कमी-जास्त दाब घेऊन बॅटरीला हवा तो 14.2 ते 14.6 व्होल्ट देतो, प्रवाह ठरावीक मर्यादेत ठेवतो आणि इंजिन बंद होताच थांबतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातील रेडआर्क आणि नेदरलँड्समधील व्हिक्ट्रॉन या कंपन्यांचे चार्जर ऑस्ट्रेलियात नेहमी दिसतात. चार्जर बॅटरीजवळ, म्हणजे ट्रेलरमध्येच बसवावा, कारण तारेत झालेली दाबाची घट तो भरून काढू शकतो, त्याच्या पुढे झालेली नाही. दाब नियंत्रित करणाऱ्या अल्टरनेटरच्या गाडीत चार्जरला इग्निशनची वेगळी तार द्यावी लागते, कारण निव्वळ दाब पाहून इंजिन चालू आहे की नाही हे त्याला कळत नाही.

चार्जरवर लिहिलेला आकडा बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचा असतो, आत जाणारा त्याहून मोठा असतो. 25 अँपिअरचा चार्जर 14.4 व्होल्टवर 360 वॅट देतो. 90 टक्के कार्यक्षमता आणि 12 व्होल्टचा प्रवेश धरला तर तो गाडीकडून 33 अँपिअर घेतो. 40 अँपिअरचा चार्जर याच हिशेबाने 53 घेतो, आणि गाडी-ट्रेलरमधला नेहमीचा राखाडी अँडरसन प्लग 50 अँपिअरचा असतो. म्हणून मोठा चार्जर घेण्याआधी प्लग आणि तार पाहावी लागते.

तारेबाबत ऑस्ट्रेलियन दुकानांतली एक गफलत सांगितलीच पाहिजे. तिथे 6 मिमी ऑटो केबल म्हणून मिळणाऱ्या तारेत ते माप वरच्या आवरणासकट व्यासाचे असते, आतले तांबे फक्त 4.6 चौरस मिमी. याउलट बी अँड एस मापातल्या 6 क्रमांकाच्या तारेत सुमारे 13.5 चौरस मिमी तांबे असते. दोन्हींवर सहाचा आकडा, पण तांब्यात जवळजवळ तिप्पट फरक. बॉनेटखालच्या बॅटरीपासून ट्रेलरच्या पुढच्या पेटीपर्यंत सात मीटर धरले, तर जाऊन-येऊन चौदा मीटर होतात. 33 अँपिअर प्रवाहाला पातळ तारेत सुमारे 1.7 व्होल्टची घट होते, जाड तारेत 0.6 ची. पातळ तारेने चार्जरला जेमतेम 11 व्होल्ट पोचतात, मग तो ठरलेले वॅट काढण्यासाठी आणखी प्रवाह ओढतो आणि घट आणखी वाढते. काही चार्जर अशा वेळी बंदच पडतात. परतीचा मार्गही तांब्याचाच हवा. गाडीमागचा गोळा आणि ट्रेलरचे कपलिंग यांच्या धातूवर विसंबून भागत नाही.

हे सगळे नीट जमले तर चार तासांच्या प्रवासात 100 अँपिअर-तास भरतात. रोज किंवा दिवसाआड तळ हलवणाऱ्यांना सौर पॅनेलची फारशी गरजही पडत नाही. एकाच ठिकाणी आठवडाभर राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांचा सगळा भरवसा उन्हावर.

200 वॅटच्या पॅनेलपासून 200 वॅट क्वचितच मिळतात. काच तापली की उत्पादन घटते, पॅनेल आडवे असले तर आणखी घटते. दिवसाचे पाच पूर्ण सूर्यतास आणि 75 टक्के प्रत्यक्ष उत्पादन धरले तर 750 वॅट-तास, म्हणजे साधारण 58 अँपिअर-तास हाती येतात. व्हिक्टोरिया किंवा टास्मानियात जून महिन्यात सूर्यतास दोनच्या आसपास येतात आणि तेच पॅनेल 23 वर उतरते. थंडीत फ्रिज कमी चालतो, तेवढाच दिलासा. वर सांगितलेल्या कुटुंबाला म्हणून 300 वॅट हा वर्षभराचा बरा आकडा आहे. नियंत्रक एमपीपीटी जातीचा घ्यावा, कारण पॅनेलचा जास्तीचा दाब तो प्रवाहात बदलतो, साधा पीडब्ल्यूएम तो वाया घालवतो. कॅम्पर ट्रेलरच्या बाबतीत सुट्या, घडीच्या पॅनेलची बाजू भक्कम आहे. तळ झाडाच्या सावलीत टाकायचा आणि पॅनेल लांब तारेने उन्हात ठेवायचे, हे छतावर घट्ट बसवलेल्या पॅनेलला जमत नाही. घडीच्या कापडी पॅनेलांवर छापलेले वॅट मात्र अनेकदा फुगवलेले असतात. खरे माप पाठीमागच्या पट्टीवरील कमाल शक्तीचा दाब आणि प्रवाह यांच्या गुणाकारातून कळते.

घरी किंवा वीज असलेल्या तळावर भरण्यासाठी लिथियमचा वेगळा पर्याय असलेला चार्जर लागतो. जुन्या ट्रेलरांतले 13.6-13.7 व्होल्टवर स्थिर राहणारे पुरवठा-संच ही बॅटरी फार सावकाश भरतात. शिशावरील गंधकाचा थर तोडण्यासाठी दाबाचे झटके देणारे चार्जर तर लिथियमला लावूच नयेत. 230 व्होल्टची पक्की जोडणी ऑस्ट्रेलियात परवानाधारक वीजतंत्रज्ञानेच करायची असते.

बॅटरीच्या आत एक व्यवस्थापन मंडल असते. बोलीत सगळे त्याला बीएमएस म्हणतात. एखादा घट जास्त भरला, जास्त उतरला, फार तापला किंवा प्रवाह मर्यादेबाहेर गेला तर ते बॅटरी तोडून टाकते. खरेदीच्या वेळी याची प्रवाहमर्यादा क्षमतेइतक्याच काळजीने वाचावी. 2,000 वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर सुमारे 175 अँपिअर मागतो, आणि 100 अँपिअर-तासांच्या बहुतेक बॅटऱ्यांचे मंडल 100 अँपिअरवर तोडते. दोन बॅटऱ्या समांतर जोडून मर्यादा वाढवता येते. मात्र त्या एकाच जातीच्या, क्षमतेच्या आणि वयाच्या हव्यात, जोडण्याआधी दोन्ही पूर्ण भरलेल्या हव्यात आणि धन तार एकीकडून, ऋण दुसरीकडून काढावी, म्हणजे भार सारखा वाटला जातो.

व्यवस्थापन मंडल आहे म्हणून फ्यूज नको, हा समज घातक आहे. तारेचे आवरण घासून दोन टोके भिडली तर लिथियम बॅटरी हजारो अँपिअर ओतू शकते. साध्या ब्लेड फ्यूजची प्रवाह तोडण्याची क्षमता 1,000 अँपिअरच्या आसपास असते. त्याहून मोठ्या प्रवाहात तो वितळूनही आतली ठिणगी चालू राहू शकते. बॅटरीच्या धन टोकाजवळ 20,000 अँपिअर तोडू शकणारा टी-वर्गाचा फ्यूज किंवा टोकावरच बसणारा चौकोनी फ्यूज लावावा. त्याचा आकडा तार किती प्रवाह सहन करते त्यावरून ठरवावा.

शिशाच्या बॅटरीत किती शिल्लक आहे हे व्होल्टमीटर बऱ्यापैकी सांगतो. लिथियमचा दाब तीस टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंत 13.0 ते 13.3 याच पट्ट्यात राहतो आणि अखेरीस एकदम कोसळतो. त्यामुळे ऋण तारेत शंट बसवून आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजावे लागतात. सगळे भार आणि सगळे चार्जर शंटच्या पलीकडे असले तरच मोजणी खरी राहते. अधूनमधून बॅटरी शंभर टक्के भरली की मापकाचा आकडा आपोआप दुरुस्त होतो आणि आतल्या घटांचे संतुलनही साधते.

जागेचा प्रश्न सुरक्षिततेशी थेट बांधलेला आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या 3001.2 या मानकाच्या 2022 च्या आवृत्तीने लिथियम बॅटरी राहत्या भागात उघडी ठेवण्यास मनाई केली. ती बाहेर असावी किंवा राहत्या भागापासून हवाबंद आणि बाहेरच्या बाजूला वायुवीजन असलेल्या कप्प्यात असावी. फॉस्फेटचा घट पेटण्याची शक्यता कमी असली तरी बिघडल्यावर तो हायड्रोजनसह ज्वालाग्राही वायू सोडतो, आणि बंद तंबूत तो धोका नाकारता येत नाही. जुन्या ट्रेलरांत एजीएम बॅटरी पलंगाखालच्या कप्प्यात असायची. त्याच जागी लिथियम ठेवणाऱ्यांनी हा नियम आधी वाचावा.

शून्य अंशांखाली ही बॅटरी भरता येत नाही. थंड घटात लिथियम ऋण इलेक्ट्रोडच्या आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातुरूपात साचते आणि ते नुकसान कायमचे असते. वापर चालतो, भरणी नाही. हिवाळ्यात कोशियस्कोच्या डोंगरात, अगदी ॲलिस स्प्रिंग्सच्या वाळवंटातही रात्री पारा शून्याखाली जातो, म्हणून थंडीत भरणी तोडणारे मंडल असलेलीच बॅटरी घ्यावी. वरची मर्यादा बहुधा 45 अंशांची. पुढच्या पत्र्याच्या पेटीवर ऊन पडले की आतले तापमान ती सहज ओलांडते. पेटीला पांढरा रंग आणि जाळीची खिडकी यांनी बराच फरक पडतो. कच्च्या रस्त्यावरच्या लाटांसारख्या खळग्यांनी तासन्तास हादरे बसतात, त्यात नट सैल होतात आणि सैल जोड तापतो. बॅटरी पट्ट्याने नव्हे तर चौकटीने आवळावी, आणि प्रत्येक मोठ्या टप्प्यानंतर जोड हाताने तपासावेत.

वजन कमी होण्याचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. दोन एजीएम काढून एक 200 ची लिथियम बसवली की साधारण 35 किलो उतरतात. ते पुढच्या दांडीवरून उतरले तर गोळ्यावरचा भार घटतो. ऑस्ट्रेलियात हा भार ट्रेलरच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचा प्रघात आहे, आणि तो फार कमी झाला की ट्रेलर वेगात डुलू लागतो. पाण्याची टाकी किंवा हत्यारे पुढे सरकवून तो सावरता येतो. चाकांवरील भार दोन टनांहून जास्त असलेल्या ट्रेलरला गाडीपासून सुटल्यास आपोआप लागणारा आणि किमान पंधरा मिनिटे लागून राहणारा ब्रेक सक्तीचा आहे. त्याची वीज मुख्य बॅटरीवर असेल आणि व्यवस्थापन मंडलाने ऐन वेळी ती तोडली तर ब्रेक लागणार नाही. म्हणून त्याला स्वतंत्र छोटी बॅटरी असावी.

बाजारात स्वस्त बॅटऱ्यांचा सुळसुळाट आहे. त्यांत हलक्या प्रतीचे घट आणि छापील क्षमतेपेक्षा कमी माल आढळतो. क्षमतेच्या मानाने बॅटरी फार हलकी असेल तर शंका घ्यावी. खात्रीचा उपाय साधा आहे. पूर्ण भरून 20 अँपिअरचा स्थिर भार लावावा, 100 अँपिअर-तासांची बॅटरी पाच तासांच्या आसपास टिकली पाहिजे. ही परीक्षा हमीच्या मुदतीत, घराच्या अंगणात करावी.

दोन सहलींच्या मध्ये बॅटरी शंभर टक्के भरून ठेवणे शिशाला हवे असते, लिथियमला नको. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या ट्रेलरमध्ये ती पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवून मुख्य स्विच तोडावा. गॅस-सूचक, रेडिओ असे छोटे भार चालू राहिले तर ते काही आठवड्यांत ती पार उतरवतात. काढलेली एजीएम भंगारात वजनावर विकली जाते आणि तिचे शिसे पुन्हा वापरात येते. आयुष्य संपलेल्या फॉस्फेट बॅटरीत निकेल-कोबाल्ट नसल्याने तिला तसा भाव येत नाही. तरीही ती कचऱ्यात टाकता येत नाही, कारण कचरागाडीत चेपलेल्या लिथियम बॅटऱ्यांनी आगी लागतात. स्थानिक परिषदेच्या संकलन केंद्रात ती टोके चिकटपट्टीने झाकून द्यावी लागते.